स्टोव्हच्या पंपांची आगगाडी

हे पत्र वाचायच्या आधी तो फोन पालथा ठेव. गणपतीला येते म्हणालीस, आली नाहीस. दिवाळीत आलीस ती माझ्यासमोर बसून पुण्याच्या मैत्रिणींशीच बोलत राहिलीस. आणि परवा फोनवर घाईघाईत विचारतेस, "आजी, आजोबा रेल्वेत नक्की काय करायचे गं?" तुला ब्रेकच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा आठवण झाली होय आजोबांची? ते फोनवर सांगण्यासारखं नाही बाई, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंतची, अक्षर समजून घे.

तुझे आजोबा आपल्या स्टेशनात डब्यांचे फिटर होते. कोल्हापूर म्हणजे रुळांचं शेवटचं टोक, पुढं गाडी जातच नाही. आली की इंजिन सोडायचं आणि रिकामे डबे धुवायच्या लायनीवर न्यायचे. पण इंजिन सुटलं की डब्यांचे ब्रेक घट्ट बसलेले. मला वाटायचं, डायव्हर पाय दाबतो, नळीत हवा भरते, ब्रेक लागतो. मी तसं बोलून दाखवलं तर हे जेवताजेवता हसले.

"उलटं हाय ते. नळीत हवा भरलेली असली की ब्रेक सुटलेला. नळीतली हवा गेली की ब्रेक लागला."

"असं उफराटं कशाला?"

"आगं, वाटेत गाडी तुटली, नळी फाटली, तर डायव्हरची वाट न बघता गाडी आपली आपण थांबाय नको का?"

मला ते फार आवडलं. अजून आवडतं.

तर ते बसलेले ब्रेक सोडवायला प्रत्येक डब्याखाली एक तार असते. ती ओढली की ब्रेकच्या सिलिंडरात कोंडलेली हवा फुस्स करून जाते आणि डबा मोकळा होतो. एक डबा झाला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. खडीवरून चालायचं, वाकायचं, ओढायचं. उन्हाळ्यात खडी अशी तापायची की घरी आल्यावर ह्यांचे पाय मी घंगाळात बुडवून ठेवायची. त्या घंगाळात पाय ठेवूनच एक दिवस म्हणाले, "एका टोकाला एक दांडा वढला आणि सगळे डबे एकदम सुटले तर?"

झालं. त्या दिवसापासून माझ्या घरात शांतता म्हणून राहिली नाही.

आधी माझा स्टोव्ह गेला. पितळी, माझ्या आईनं दिलेला. त्याचा हवा भरायचा पंप ह्यांनी काढून घेतला, कारण डब्याखालचा ब्रेकचा सिलिंडर म्हणजे तसाच पंप, फक्त थोरला. मग शेजारणीचा मोडका स्टोव्ह आणला, मग जुन्या बाजारातून आणखी दोन. असे चार पंप एका फळीवर ओळीनं बसवले. म्हणजे चार डबे. वनस्पती तुपाच्या डब्याची केली हवेची टाकी, आणि तुझ्या बाबांच्या सायकलचा पंप हवा भरायला. पोरगं सायकल ढकलत शाळेला जायचं.

उद्यमनगरात ह्यांचे एक मुसलमान दोस्त होते, लेथवर काम करायचे. आम्ही त्यांना मिस्त्रीच म्हणायचो. ह्यांनी कोळशानं फरशीवर चित्र काढायचं आणि मिस्त्रींनी तसा पितळी व्हॉल्व्ह कातून आणायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले की उठायचं नाव नाही.

"वैनी, चहा!"

"स्टोव्ह तुमच्या गाडीला लावलाय. तिलाच सांगा चहा द्यायला."

"बघ की रं," मिस्त्री ह्यांना म्हणायचे, "तुझी गाडी सुटंना आणि वैनीचा बिरेक सुटंना."

पंपाच्या आत चामड्याचं वाटीसारखं वायसर असतं. ते चप्पल शिवणाऱ्या मामांकडून कापून आणायचे आणि मी शेंगतेलात भिजत घालायची. कोरडं पडलं की हवा गळते. गळती सापडायला हे साबणाचं पाणी लावायचे, पण त्याचा फेस टिकत नव्हता. एकदा मी केसासाठी रिठे उकळले होते, म्हटलं हे लावून बघा. काय फुगे आले म्हणतेस! मिस्त्री तर टाळ्या वाजवायला लागले. तेव्हापासून दर सुट्टीला माझे रिठे शेडमध्ये आणि मी डोक्याला साबण लावून मोकळी.

आणि एक दिवस चाललं ते. सायकलचा पंप मारला, चारही दांडे बाहेर आले, म्हणजे चार डब्यांना ब्रेक लागला. ह्यांनी टोकाचा बारका दांडा ओढला. फुस्स! चारही दांडे एकदम आत. तुझा बाबा नाचला नुसता.

मग मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा ह्यांनी ती फळी गोणपाटात गुंडाळून, सायकलला बांधून नेली. मी इकडं गोड करून ठेवलं होतं. संध्याकाळी आले. हात धुतले, भाकरी कुस्करली आणि म्हणाले, "साहेबानं नीट बघितलं. मग इचारलं, सगळे डबे एकदम सुटले आणि खाली उतार असला तर?"

"मग तुम्ही काय बोलला?"

"काय बोलणार? बरोबर हाय त्याचं."

मला आला राग. "आवो, तुम्ही तुमची बाजू घ्यायची का सायबाची?"

"आगं, डबे घरंगळले तर खाली कोण सापडंल? साहेब न्हवं. माझीच माणसं की."

त्यानंतर रिटायर होईपर्यंत आणि झाल्यावरही त्यांनी एकच गोष्ट केली. शेवटच्या डब्याला हातानं फिरवायच्या ब्रेकचं एक चाक बसवलं, शिलाई मशिनचं. ते चाक फिरवून घट्ट केल्याशिवाय सुटायचा दांडा जागचा हलायचाच नाही. आधी गाडी बांधून ठेव, मगच सोड. ते जमलं तेव्हा मिस्त्री राहिले नव्हते. बघायला मी एकटी. हे म्हणाले, "आता साहेबाला दाखवाय पायजे." पण साहेबाची बदली होऊन वर्षं लोटली होती, आणि पुढं ह्यांचाही दम पुरला नाही, हेही मिस्त्रींच्या वाटेनं गेले.

तू फोनवर म्हणालीस, "आजी, हे सगळं आता कंप्युटरवर होतं." होऊ दे की. मी कुठं म्हणते रेल्वेला ते पाहिजे?

पण तुझ्या बाबाला परड्यात मोटार लावायची आहे. शेड पाडायचं ठरलंय. त्याचंही चुकत नाही, गाडी उन्हात उभी असते. परवा भंगारवाला आत डोकावला. "आजी, पितळ हाय का?" मी फळीवर वाकळ टाकली आणि म्हटलं, शिलाई मशीन हाय, हात लावू नको. चाक दिसत होतं, त्यामुळं पटलं त्याला.

तो गेल्यावर मी स्वतः पंप मारून बघितला. तीन दांडे हळूहळू बाहेर आले. चौथा आला नाही. रिठ्याचा फेस लावला, तर त्याच पंपाच्या तोंडाशी फुगे. वायसर वाळून खडखडीत झालंय. त्या चप्पलवाल्या मामांचा नातू बसतो आता दुकानात. त्याच्याकडून नवं कापून आणलं आणि शेंगतेलात टाकलंय. चार दिवसांत मऊ होईल. पण माझ्या मनगटात आता चारही पंप भरतील एवढा जोर नाही, आणि तुझ्या बाबाला मी पंप मार म्हटलं तर तो माझ्याकडंच बघत राहतो.

साहेबानं विचारलं होतं त्याचं उत्तर त्या फळीवर बसलेलं आहे, आणि त्यातलं कळणारं घरात तुझ्याशिवाय कुणी नाही. भंगारात जायचंच असलं तर जाऊ दे, पण कुणीतरी जाणत्यानं बघितल्यावर जाऊ दे. बाबाला मी सांगून ठेवलंय, पोरगी येऊन गेल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. तो व्हय म्हणालाय, पण त्या गाडीवर कापड टाकताना रोज शेडकडं बघतो.

तेव्हा ह्या रविवारी ये. रिठे मी उकळून ठेवते. पंप तू मारायचा, चाक मी फिरवते.