चहातलं क्रोसाँ

हैदराबादच्या ट्रिपला आम्ही चौघं फाइव्ह स्टारमध्ये ब्रंचला गेलो, आणि बाबांनी क्रोसाँ उचलून सरळ चहात बुडवलं. दादा हळूच म्हणाला, "बाबा, इथे असं नाही खात."

"अरे, खारीच आहे ही. लोण्यात लोळून आलेली."

पण त्यांचा हात थांबला. त्यांनी चोरून आजूबाजूला बघितलं, आणि मला ते बघणंच सहन झालं नाही. घरी खुशीत चहा-खारी खाणाऱ्या माणसाने इथे घाबरून कोरडं का खायचं? जीभ काय हॉटेल बघून बदलते? मी माझं अख्खं क्रोसाँ बाबांच्याच कपात बुचकळलं. अर्धं तुटून तळाला गेलं.

बाबांनी चमचा पुढे केला. "काढ लवकर. विरघळलं की मजा जाते."