लेथ मशीनला दिलेला रंग

आमच्या शाळेतल्या लेथ मशीनचं उद्घाटन झालं, तेव्हा ते मशीन आठ महिने चालू होतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माजी विद्यार्थ्यांनी जूनमध्ये ते मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून पोलादपूरला आणलं, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं, आणि त्याच आठवड्यात बारावीच्या व्यवसाय विभागात त्यावर लोखंड कातलं जाऊ लागलं. प्रमुख पाहुण्यांची तारीख फेब्रुवारीत मिळाली. तोवर मशीन अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हतं.

मी त्या शाळेत मराठी शिकवते. लोखंडाशी माझा संबंध तव्यापुरता. पण मोकळा तास मिळाला की मी शेडमध्ये जाऊन बसायचे. एका कोपऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात लेथवर फिरणाऱ्या सळईची निळसर, कुरळी साल सुटत जायची. ती साल बघत मी वह्या तपासायचे, आणि मुलांना थोडे जास्त मार्क पडायचे.

शिकवायला एक म्हातारे मास्तर होते. उमेदीची सगळी वर्षं मुंबईत लेथवर, टर्नर म्हणून घालवून गावी भातशेती करायला आले होते. शाळेनं त्यांना बांधावरून उचलून आणलं. लेथ विषय घेतलेली विद्यार्थिनी मात्र एकच होती. बाकी सगळ्यांनी वेल्डिंग घेतलं होतं, कारण त्यात काळा चष्मा मिळतो. ही मुलगी कुडपणची. तिकडून रोज येणं शक्य नाही म्हणून पोलादपुरात आत्याकडं राहायची. बोलायची कमी. मास्तर म्हणायचे, हिचा हात मशीनला न विचारता मशीनचं ऐकतो.

तिच्या प्रात्यक्षिक परीक्षेवर बरंच काही अवलंबून होतं, आणि ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं. बाहेरून येणारे परीक्षक महाडच्या एका कारखान्यात मशीन-दुरुस्ती विभागाचे प्रमुख होते, आणि काम पसंत पडलं तर एका मुलाला शिकाऊ म्हणून घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं. त्यांनी पत्रात ‘मुलाला’ लिहिलं होतं. मास्तरांनी ते वाचून दाखवताना ‘पोरीला’ असं वाचलं. तिथं जमलं नाही, तर परीक्षा संपली की तिनं बदलापूरला काकाकडं जायचं ठरलं होतं, त्याची जुळी सांभाळायला. काकानं जुळ्यांचे फोटो पाठवायला सुरुवातही केली होती.

आमच्या मुख्याध्यापकांनी उद्घाटन आणि परीक्षा एकाच दिवशी ठेवली. एकच मांडव, एकच जेवण. साडेदहाला उद्घाटन, ते झालं की लगेच परीक्षा. कारण परीक्षकांना दुपारी महाडला परतायचं होतं. योजना चोख होती. आदल्या संध्याकाळी मास्तर एसटीनं घरी गेल्यावर मुख्याध्यापक मशीनभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांना ते जुनं वाटलं. तेवढ्यात चित्रकलेचे शिक्षक समोर आले.

सकाळी साडेआठला मी सिल्कची साडी सावरत शेडमध्ये डोकावले, तर मशीन पोपटी झालं होतं. वरून खालपर्यंत, ऑइल पेंटचे दोन हात, कडांना पांढरी रेघ. मास्तर त्याच्यासमोर नुसते उभे होते. मला वाटलं, त्यांना आवडलंय. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. लेथला दोन गुळगुळीत रूळ असतात. हत्यार धरणारा भाग त्या रुळांवरून केसाएवढ्या फरकानं पुढंमागं सरकतो. रुळांवर तेलाशिवाय काही लागू द्यायचं नसतं. चित्रकलेच्या सरांनी रूळ रंगवले होते. रुळांवरचा भाग रंगवला होता. दोन्ही मिळून आता एकसंध शिल्प झालं होतं. किती सरकलं ते दाखवणारी आकड्यांची गोल तबकडी असते. तिच्यावरचे बारीक आकडे त्यांना मळ वाटले असावेत. ते झाकून तिथं त्यांनी एक छोटं फूल काढलं होतं.

मुलगी हँडलला लोंबकळत होती आणि हँडल हलत नव्हतं.

मुख्याध्यापकांना बोलावलं. त्यांनी हिरवं बटण दाबून पाहिलं, मशीनचं तोंड गरगर फिरलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. फिरतंय की, म्हणाले. पाहुणे बटण दाबतील, ते फिरेल, टाळ्या होतील. त्यांचं काही चुकत नव्हतं. उद्घाटनाला मशीन फिरावं लागतं, काम करावं लागत नाही. रंग खरवडायला त्यांनी साफ मनाई केली आणि ते रांगोळी बघायला गेले.

ते वळल्याबरोबर मास्तरांनी थिनरचा डबा उघडला. रंग अजून चिकट होता हे नशीब. पण लोखंडी पातं लावलं तर रुळांना चरे पडणार, लाकूडच हवं. तेव्हा मला स्टाफरूमच्या कपाटातल्या लाकडी पट्ट्या आठवल्या. मुलांना मारायची बंदी आल्यापासून त्या पडूनच होत्या. अकरा निघाल्या. वेल्डिंगची मुलं त्या घेऊन मशीनवर तुटून पडली. एवढ्या आनंदानं त्या पट्ट्या कुणी कधी हातात घेतल्या नसतील.

“अजून तासभर लागंल,” मास्तर म्हणाले. “पावने कदी येतील?”

मी म्हटलं, साडेदहाचा कार्यक्रम आहे, म्हणजे बारा धरा.

प्रमुख पाहुणे दहा पंचवीसला आले. माझ्या सगळ्या नोकरीत असा प्रकार घडला नव्हता. मुख्याध्यापक औक्षणासाठी त्या मुलीला न्यायला शेडच्या दारात आले. आत कोपरापर्यंत पोपटी झालेली दहा पोरं होती.

“हिच्या हाताला थिनर हाय,” मास्तर म्हणाले. “निरांजन दिलंत तर पावन्याच्या आदी पोरगीच पेटंल.”

रूळ मोकळे होईतो वेळ काढायला मी माइककडं निघाले. समारंभांना नाक मुरडण्यात माझी हयात गेली. सूत्रसंचालन माझ्याकडं असायचं ते मी पाच मिनिटांत आटोपते म्हणून. त्या दिवशी मी पोरांनीच अँगल जोडून केलेल्या स्टँडला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि चाकाच्या शोधापासून सुरुवात केली. तिथून बैलगाडी, तिथून घाट, तिथून पाहुणे आज ज्या रस्त्यानं आले तो रस्ता. शेडच्या दाराशी एक मुलगा उभा केला होता. काम झालं की त्यानं हात वर करायचा होता. तो आळस द्यायला हात वर करी आणि माझं वाक्य अडखळे.

मग सत्कार. आमच्याकडं नारळ सात आणि शाली चार होत्या. संस्थेचे सगळे सभासद झाले, मशीन आणणारे माजी विद्यार्थी झाले, मांडववाले झाले. शिपाईमामांनी न सांगता सगळं ओळखलं आणि सत्कार झालेल्यांकडून “ठेवून देतो” म्हणत तेच नारळ मागच्या बाजूनं परत आणायला लागले. एका पालकाला दोनदा नारळ मिळाला; त्यानं दोन्ही वेळा तितक्याच गांभीर्यानं नमस्कार केला. मुख्याध्यापकांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. तीत एकच शब्द होता: ‘आवरा’. मी म्हटलं, आत्ताच एक शुभेच्छा संदेश आला आहे, आणि गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा संदेश पाठ होता तो म्हणून दाखवला. चित्रकलेच्या सरांना बोलावून, ज्यांच्या रंगकामामुळं आजचा कार्यक्रम इतका भरगच्च झाला, असं म्हणून त्यांच्या खांद्यावर शाल घातली. त्यांचे डोळे भरून आले. मला लाज वाटायला हवी होती; पण मला हसू येत होतं, आणि ते दाबल्यामुळं माझा आवाज कापत होता, तो श्रोत्यांना भावनेचा वाटला.

शेवटी मी पाहुण्यांच्या ड्रायव्हरला बोलावलं. तो बिचारा गाडी पुसत होता. फडकं खिशात कोंबत आला, नारळ घेतला, आणि पाहुण्यांनी त्या सकाळी पहिल्यांदाच मनापासून टाळ्या वाजवल्या. तेव्हा शेडच्या दारातला मुलगा दोन्ही हात वर करून नाचत होता.

पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबलं, मशीन फिरलं, टाळ्या झाल्या. सगळं मिळून दीड मिनिट. मंडळी जेवायला गेली.

परीक्षकांनी मुलीला सळई आणि नकाशा दिला: टप्प्याटप्प्यानं बारीक होत जाणारा तीन पायऱ्यांचा दांडा, वेळ एक तास. शिकवणाऱ्यानं आत थांबायचं नसतं, म्हणून मास्तर खिडकीबाहेर पाठ करून उभे राहिले. मी पर्यवेक्षक म्हणून खुर्चीत. तिनं केस टोपीत कोंबले, हँडल धरलं आणि फिरवलं. ते सरकलं. कुरळी साल सुटली. पण थोडं कातलं की ती मशीन बंद करी, व्हर्नियरनं माप घेई, पुन्हा सुरू करी. परत बंद. परत माप. वेळ जात होता. परीक्षक जवळ येऊन म्हणाले, तबकडी बघून काम कर की, इतक्यांदा थांबायचं कशाला?

“तिच्यावर फूल हाय, सर.”

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

“झेंडू?”

“शेवंती असंल, सर.”

ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि रुमाल तोंडावर धरला. खांदे हलत होते. तास संपायला तीन मिनिटं असताना तिनं दांडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी पहिली पायरी मापली. दुसरी मापली. तिसरी दोनदा मापली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. वर्गात मुलं माझ्याकडं बघतात तेव्हा त्यांना असंच वाटत असणार.

“निकाल लागला की महाडला ये,” ते म्हणाले. “आणि डबा आण. आमच्या कँटीनची आमटी तुला सोसायची नाही.”

ती हसायला लागली ती थांबेचना. बाहेर येऊन तिनं माझ्याच मोबाइलवरून आईला फोन लावला. कुडपणला त्यांच्या घरामागच्या कातळावर चढलं तरच रेंज मिळते, त्यामुळं दोघी ओरडून बोलत होत्या आणि सगळा मांडव ऐकत होता. “आये, घेतलं मला. महाडला. नाय, अजून जेवले नाय. काकाला सांग, जुळ्यांना दुसरं कोनतरी बघ.” मग तिला पुन्हा हसू फुटलं आणि फोन तिनं माझ्या हातात दिला.

आईनं मला विचारलं, पोरीनं केलं तरी काय? मी सांगितलं, लोखंडाचा तीन पायऱ्यांचा दांडा. तो कशाला लागतो, असं तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. मुलीला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. मी फोन मास्तरांच्या तोंडासमोर धरला.

“कशालाच लागत नाय, बाय,” मास्तर ओरडले. “पन माप बरोबर हाय.”