पाय लागला हुता

आमच्या हॉकीच्या मैदानावर एके काळी इतकी गर्दी व्हायची की शिंकायचं तर शेजारच्याला विचारून शिंकावं लागे. मंगळवार पेठेतली आम्ही दहा-बारा टाळकी गोलमागं उभी असायचो. माझा आवाज असा की मी पंचाला शिवी घातली की तिकडं नृसिंहवाडीच्या देवळात घंटा हलायची.

एका अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला आमच्या संघानं गोल मारला. शिट्टी वाजली. चेंडू आधी आमच्याच गड्याच्या पायाला लागला, असं म्हणून पंचांनी गोल नाकारला. आम्ही हरलो.

आता खरं सांगतो. पाय लागला होता. मी जाळीला नाक लावून उभा होतो, मला स्वच्छ दिसला. तरी चहाच्या गाड्यावर पहिला मीच बोललो, "पंच इकला गेला."

दुसऱ्या दिवशी त्या गोष्टीत एक म्हैस आली. आठवड्यात तीन झाल्या. दिवाळीपर्यंत पंचांच्या दारात मी लाचेच्या म्हशींचा अख्खा गोठा बांधून दिला होता. लोकांना गोष्ट आवडली, खेळ नावडायला लागला. हरलं की पंचाला धरायचं. "पंचच ठरवणार, तर आपण उन्हात कशाला तापायचं?" म्हणत एकेक जण घरी बसला. शेवटी प्रेक्षक म्हणून मी आणि दोन कुत्री उरलो, त्यातलं एक झोपलेलं.

यंदा पंच गेले. शिव्या घातल्या तरी माणूस पेठेतला, म्हणून रक्षाविसर्जनाला आमची टोळी गेली. पंचगंगेच्या काठी निवद मांडला. भात, आमटी, त्यांच्या आवडीची जिलेबी आणि शेजारी त्यांची शिट्टी. आम्ही मागं सरकलो.

कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पायऱ्यांवर ओळीनं बसले होते, गॅलरीत बसावं तसे. एकही ओरडत नव्हता. मी थापाड्या माणूस, पण तेवढे कावळे गप्प बसलेले मी जन्मात बघितले नाहीत. वारा पडलेला. नदीचं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

पंचांचा मुलगा हात जोडून म्हणाला, "आबा, आईला सांभाळतो." कावळे बसूनच. पंचांचा भाऊ म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो." बसूनच. ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, "गाईला घालूया आता."

"थांबा जरा," पंचांच्या पत्नी म्हणाल्या. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. "दुखण्यात रोज एकच इचारायचे. पाय लागला हुता न्हवं गं, का मलाच तसं दिसलं? मी काय सांगणार? मी कुठं बघितलं हुतं?"

म्हणजे ओरडून ओरडून आम्ही त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांबद्दल शंका घ्यायला लावली होती. मी वर बघितलं. सगळ्या कावळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या होत्या.

टोळी माझ्या शेजारीच उभी. इतकी वर्षं ही माणसं माझ्याच म्हशींच्या जिवावर पंचांना शिव्या घालत आली. त्या म्हशी सोडल्या तर पेठेत मला कोण विचारतं? मी पुटपुटलो, "लागला असंल पाय."

एक कावळा खाली उतरला. दोन पावलं आला आणि थांबला. शिट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पुढं काही येईना.

"लागला हुता," मी मोठ्यानं म्हणालो. "मी बघितला. म्हशी खोट्या."

कावळ्यानं आधी शिट्टीला चोच लावली. मग भाताला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

परतताना टोळीतला एक जण कानाशी आला. "मर्दा, कावळ्यानं किती दिलं रं तुला?"

सगळे हसले. "व्हय की, म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलला त्यो," दुसरा म्हणाला. मी नाही म्हणून सांगितलं. जन्मात पहिल्यांदा खरं बोललो आणि एकालाही पटलं नाही. सामना बघायला चला म्हणालो, तर कुणी आलं नाही.

रविवारी मी एकटाच गेलो. गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. खेळ रंगात आला आणि नव्या पंचांनी शिट्टी मारली. साफ चूक, मला वाटलं. सवयीनं तोंड उघडलं.

मागच्या पायरीवर पंख फडफडले.

मी मागं न बघता तोंड मिटलं.