पन्हळीच्या अलीकडे

आधी माझी बाजू सांगून टाकतो. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण चहाबरोबर आणि बहुतेक वेळा हसत. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाला बंद खोलीत आवाज येतो... माझं आपलं ठरलेलं – मांजर असेल, वारा असेल, नाहीतर माणूस घाबरट असेल. तारापूर एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी शिफ्ट इनचार्ज आहे. आमच्याकडे प्रत्येक आवाजाला कारण असतं. पंप असतो, व्हॉल्व्ह असतो, कुणीतरी विसरलेला पाना असतो. शोधलं की सापडतं. त्यामुळे देव आणि भूत, दोघांपासून मी सारखाच लांब राहिलो. मूळचा कुंभवलीचा, राहतो बोईसरजवळ सालवडला. आणि आता मीच हे लिहायला बसलोय, म्हणजे हसायची पाळी तुमची.

बायको माझी केळव्याकडची. वासंती नाव. माहेरी नारळ-सुपारीची वाडी, घरात सोमवार आणि प्रदोष कडक. श्रावण लागला की तिची यात्रा सुरू व्हायची. दर सोमवारी एक शंकराचं देऊळ. आधी घराजवळचं, मग सफाळ्याच्या पुढे वैतरणेच्या खाडीकाठी एक आहे ते, मग तुंगारेश्वर, आणि सगळ्यात शेवटी त्र्यंबक. मी ड्रायव्हर.

"तुमाला देव नको हाय ना, नको. गाडी तर चालवाल?" असं म्हणायची आणि पूजेची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसायची.

वाटेत तिच्या गोष्टी चालू. तुंगारेश्वरला परशुरामाने असुर कसा मारला, गौतम ऋषींसाठी शंकराने ब्रह्मगिरीवर जटा कशी आपटली. "त्याच डोंगरातून गोदावरी पूर्वेला गेली, आणि आपली वैतरणा इकडं आली. लोक गोदावरीचं कौतुक करतात, हिचं कोन करत नाय," ही तिची कायमची तक्रार. खाडीकाठच्या देवळाची गोष्ट तिला सगळ्यात प्रिय होती. म्हणे नदी समुद्राकडे निघाली तेव्हा ती नीट पोचते की नाही हे बघायला शंकर तिच्या मागोमाग चालत आला, आणि खाडी दिसल्यावर इथे बसला. तो बसलाच. "लेकीला सासरी पोचवायला आला आनि परत जायला पाय निघाला नाय त्याचा," वासंती म्हणायची. मी म्हणायचो, सासऱ्याने जावयाच्या दारात असं मुक्काम ठोकणं बरं नाही. मग पाठीत एक चापट बसायची.

आता प्रदक्षिणेचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुम्हाला माहीत असेल, शंकराला पूर्ण फेरी घालत नाहीत. पिंडीवर घातलेलं पाणी ज्या दगडी पन्हळीतून देवळाबाहेर पडतं, ती ओलांडायची नसते. नंदीपासून निघायचं, देवळाच्या मागून वळसा घालून पन्हळीपर्यंत यायचं, आणि तिथून उलट फिरून आल्या वाटेने परत. एका गंधर्वाने शंकराचं निर्माल्य ओलांडलं तर त्याची उडायची शक्ती गेली, असं वासंतीने मला सांगून ठेवलं होतं. मी विचारलं, मला कुठे उडता येतं? तर म्हणाली, "चालता येतंय ते तरी राहू द्या."

देवावर विश्वास नसला तरी ही अर्धी फेरी मी तिच्याबरोबर घालायचो. मी पुढे, ती मागे. तिच्या डाव्या पायातलं एक जोडवं सैल होतं, फरशीवर टिक टिक वाजायचं. सोनाराकडे जाऊ म्हटलं की "असू दे". तर ती टिक टिक ऐकत मी पुढे चालायचो, पन्हळीपाशी वळायचो, आणि वळलो की ती एकदम समोर. अगदी हातभर अंतरावर. ती हसायची. दर वेळी हसायची, का ते मी कधी विचारलं नाही. शिफ्टच्या नोकरीत नवरा-बायको एकमेकांना किती बघतात ते ज्याने काढलीय त्यालाच ठाऊक. मी येतो तेव्हा ती झोपलेली, ती उठते तेव्हा मी घोरत. बायकोचा चेहरा मी नीट असा पन्हळीपाशीच बघितला असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि आठ-दहा महिन्यांत आटोपलं सगळं.

घरात फोटो आहेत. लग्नातले आहेत, मुलीच्या लग्नातले आहेत, आधार कार्डावरचा तर आहेच. पण फोटो म्हटलं की ती ताठ व्हायची, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. ते हसणं एकातही नाही. आणि एक दिवस लक्षात आलं की मला ते आठवतच नाहीये. ती हसायची हे आठवतं, पण डोळे मिटले की समोर येतो तो आधार कार्डावरचा चेहरा. हे कुणाला सांगणार? मुलगी वापीला असते, तिला सांगितलं असतं तर ती रडली असती. रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये बसून मी आठवायचा प्रयत्न करायचो. एकदा, फक्त एकदा तो चेहरा परत बघायला मिळावा, एवढंच डोक्यात. बाकी काही नको होतं हो मला.

म्हणून या श्रावणात मी तिची यात्रा करायची ठरवली. भक्ती वगैरे नाही. म्हटलं, त्या जागांवर गेलो तर आठवेल कदाचित.

पहिल्या सोमवारी पहिली पाळी संपवून घराजवळच्या देवळात गेलो. दुपार होती, गर्दी ओसरलेली. नंदीला हात लावून फेरीला निघालो. देवळाच्या मागच्या बाजूला आलो आणि मागून आवाज आला – टिक. थोडं थांबून पुन्हा टिक. मी गर्रकन वळलो. कुणी नाही. आवाजही बंद. मी सगळं तपासलं. वरून पाणी ठिबकतंय का, घंटेची साखळी हलतेय का, माझ्याच चपलेत... चपला तर बाहेर होत्या. काही सापडलं नाही. घरी आलो आणि जेवलो नाही.

पुढचा आठवडाभर मी माझ्या पद्धतीने विचार केला. आवाज चालू होता, मी वळलो, आवाज बंद पडला. प्लांटमध्ये नवीन पोरांना मी हेच शिकवतो – जे व्यवस्थित चाललंय त्याला उगाच हात लावू नका. तेव्हा ठरवलं, पुन्हा आवाज आला तर वळायचं नाही. हसू येईल तुम्हाला. भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस भुताशी कसं वागावं याचे नियम ठरवत होता.

दुसरा सोमवार, खाडीकाठचं देऊळ. बोईसरहून बाइकने पालघर, केळवा रोड, सफाळा. तिथून पुढे शेतातून रस्ता जातो, शेवटचा पट्टा कच्चा. पाऊस भुरभुरत होता. भाताची आवणी होऊन गेलेली, शेतात कुणी नाही. देवळात पुजारीही नव्हता. पन्हळीच्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात ओटीवर एक म्हातारी बेल आणि फुलं घेऊन बसली होती. मी तिच्याकडून बेल घेतला, पिंडीवर वाहिला, बाहेर येऊन नंदीपासून निघालो.

मागच्या भिंतीपाशी आलो आणि... टिक.

मी चालत राहिलो. टिक टिक. माझ्या पावलाला जुळवून, नेहमीसारखी अर्धं पाऊल मागे. मी मुद्दाम हळू झालो, तर तीही हळू. भीती? अजिबात नाही. खोटं कशाला सांगू, मला इतकं बरं गेल्या दोन वर्षांत वाटलं नव्हतं. खाडीवरून वारा येत होता, फरशी ओली होती, आणि माझी बायको माझ्या मागून चालत होती. ती भिंत संपूच नये असं वाटत होतं.

पण भिंत संपली. कोपरा वळलो आणि समोर पन्हळ आली. दगडी, शेवाळलेली, तिच्यातून दुधट पाणी वाहत होतं. इथे वळायचं. वळलो की ती समोर, हातभर अंतरावर. ज्यासाठी आलो होतो ते तिथेच होतं. आणि मला गेल्या सोमवारचं आठवलं. वळलो आणि कुणी नसलं तर? आवाजही गेला तर? मी थांबलो. मागे तीही थांबली. मला श्वास ऐकू आला असं म्हणणार नाही, पण कुणीतरी आहे हे पाठीला कळतं ना, तसं कळत होतं. चेहरा बघायचा होता, आणि आवाज सोडवत नव्हता.

मी वळलो नाही. सरळ पाय उचलला आणि पन्हळ ओलांडून पुढे गेलो. म्हटलं, फेरी पूर्ण करू, पुन्हा पहिल्यापासून फिरू, हवं तर संध्याकाळपर्यंत फिरत राहू, ती आपली मागे असू दे.

दोन पावलं टाकली. तीन टाकली. आवाज आला नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वासंती पन्हळ ओलांडेल? जन्मात नाही. मी तिथेच उभा राहिलो, पाठ करून. वळायचा धीर अजूनही होईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी वळलो तेव्हा पन्हळीच्या पलीकडे नुसती ओली फरशी होती.

मी जाऊन त्या म्हातारीशेजारी ओटीवर बसलो. ती बेलाची पानं निवडत होती. वर न बघता म्हणाली, "शंकराची पन्हळ वलांडायची नसते, भाऊ."

"चुकलं, मावशी."

"बायलेला तरी इचारायचं. ती बरोबर थांबली बघा. तुमीच गेलात पुढं."

मी विचारलं, "कोण थांबली?"

"कोन म्हंजे? तुमची मानसं तुमाला ठाव. तुमच्या मागून आली ती." तिने बेलाचा देठ खुडून बाजूला टाकला. "भांडन झालंय काय?"

"नाही... रागावली होती का ती?"

"नाय ओ. हसत व्हती. आमाला वाटलं, तुमी वळाल म्हनून थांबलीय. लय वेळ थांबली. तुमी वळलातच नाय."

मी विचारलं, मग गेली कुठे? म्हातारी म्हणाली, आपण पानांत मान घातली, परत वर बघितलं तर तुम्ही एकटेच. साडी कुठली होती, ते तिला सांगता आलं नाही. "साडी कोन बघतो, तोंड बघितलं." कसं होतं तोंड, म्हणून मी दोनदा विचारलं. "चांगलं व्हतं," एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे जरा विचित्रच बघायला लागली. साहजिक आहे. स्वतःच्या बायकोचं तोंड कसं आहे हे दुसरीला विचारणारा माणूस तिने कशाला बघितला असेल?

नंतर मी सगळे खुलासे करून बघितले. दुसरी कुणी बाई दर्शनाला आली असेल – पण देवळाच्या मागे खाडीचा चिखल आहे, यायची-जायची वाट एकच, आणि त्या वाटेवर म्हातारीच बसलेली. म्हातारीची नजर कमी असेल – पण तिने बेलाचं किडलेलं पान लांबूनच हेरून मला बदलून दिलं होतं. आवाज माझ्या मनाचा खेळ असेल. असेल. मग मनाचा खेळ म्हातारीला कसा दिसला? तिने माझी थट्टा केली असेल, असंही एकदा मनात आलं. तिला माझं नावही माहीत नाही हो. आणि थट्टाच करायची तर कुणी "हसत व्हती" एवढ्यावर सोडून देईल? कारण शोधलं की सापडतं, असं मी वर म्हटलंय. हे एक सापडलेलं नाही.

तुंगारेश्वरला जाऊन आलो. शेवटच्या सोमवारी त्र्यंबकलाही गेलो, रांगेत उभा राहिलो, हात जोडले. कुठेच काही झालं नाही. ब्रह्मगिरीकडे बघून एवढंच वाटलं की ती असती तर वैतरणा नेमकी कुठून निघते हे तिने बोट करून दाखवलं असतं, आणि मी दुसरीकडेच बघितलं असतं.

श्रावण संपला तरी मी खाडीकाठच्या देवळात जातोच. सोमवारी दुपारी, पाळी संपवून. फेरी घालतो, पन्हळीपाशी आलो की लगेच वळतो, आता अजिबात वेळ लावत नाही. समोर कुणी नसतं. तो चेहरा मला अजून आठवलेला नाही.

मागच्या खेपेला म्हातारी होती. बेल हातात देताना तिने माझ्या मागे, बाइकपर्यंत नजर टाकली आणि विचारलं, "आज एकलेच आलात काय?"

मला सांगता आलं असतं तिला, सगळं. ती काय ते समजली असती.

मी म्हटलं, "हो मावशी. आज एकटाच."