गेरूचे बाण

माझ्या सगळ्या फजित्या ऐकायच्या म्हटलं तर तुमचा चहा पार निवून जाईल, म्हणून एकच सांगतो. ही फजिती मी स्वतःच्या हाताने, गेरू कालवून, ब्रश घेऊन रंगवली होती.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा बोरिवलीला राहायचो. कॉलनीतल्या सात-आठ जणांनी मिळून रविवारचं सायकल मंडळ काढलं होतं. होडीत सायकली चढवायच्या, खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या गावांतून, माडांच्या वाड्यांतून हिंडून दुपारी घरी जेवायला परत. मंडळाचे अध्यक्ष सामंतकाका, मूळचे मालवणचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी जाहीर केलं, "येत्या रविवारची सहल विनू नेईल. नीट नेली, तर कायमचा मार्गदर्शक तोच." विनू म्हणजे मी.

आता तुम्हीच सांगा, हे पद मला मिळू नये असं काही कारण होतं का? मला तरी दिसत नव्हतं. सुरक्षिततेच्या बाबतीत माझा हात धरणारा बोरिवलीत कोणी नव्हता. सगळ्यांनी एकामागे एक चालवायचं. दोन सायकलींत एका सायकलीचं अंतर. उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नाही. गुरं दिसली की खाली उतरायचं. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे मी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं, सामंतकाकांकडूनसुद्धा.

शिवाय आदल्या रविवारी मी एकटाच जाऊन रस्ता बघून आलो. खाकी हाफ पँट, गळ्यात शिट्टी, हातात वही. त्या गावातल्या गल्ल्या इतक्या एकसारख्या, की कोणीही चुकावं. म्हणून मी दर वळणावरच्या घराच्या भिंतीवर गेरूने बाण काढला. जिथे पलीकडचं काही दिसत नाही, अशा एका कोपऱ्यावर मोठी फुली मारली. फुली म्हणजे धोका, घंटी वाजवा. प्रत्येक खुणेची वहीत नोंद केली. चार-पाच माणसं दारात उभी राहून बघत होती. मी त्यांना हात केला. त्यांनी काही केला नाही. मला वाटलं, लाजत असतील.

रविवारी आम्ही आठ जण निघालो, सगळ्यात पुढे मी. पहिला बाण, दुसरा, तिसरा. डावीकडे विहीर, समोरच्या ओट्यावर लाल लुगड्यातली एक आजी. मग चौथा बाण, पाचवा, आणि परत डावीकडे विहीर.

"विनू, ही विहीर मघाशी बघितली ना रे आपण?" मागून सामंतकाका.

"काका, खेड्यातल्या विहिरी सगळ्या सारख्याच दिसतात."

आणखी चार बाण गेले, आणि पुन्हा विहीर.

"आणि आज्या? त्यापण सारख्याच?"

बाण मी काढलेले होते, तेव्हा बाण चुकणं शक्यच नव्हतं. मी दोन शिट्ट्या मारल्या आणि पुढे निघालो.

चौथ्या फेरीला मात्र रस्त्यात पंधरा-वीस माणसं आडवी उभी. मी एक शिट्टी मारली. आठही सायकली जागच्या जागी थांबल्या. दिवसभरात तेवढंच एक माझ्या मनासारखं झालं.

आजी ओट्यावरून उतरून माझ्यापाशी आली. "काय रं पोरा, ते बाण तूच काढलेस?"

अशा वेळी शहाणा माणूस आधी विचारेल ना, की का हो आजी? पण सामंतकाका ऐकत होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मीच. अख्खं गाव तपासून गेलोय."

"नि माझ्या घरावर फुली?"

"आजी, तुमचा हा कोपरा फार वाईट. हा नसता, तर रस्ता कसा सरळ झाला असता."

"बघा, मी सांगत होतो," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मग कधी करणार तुम्ही सगळं?" आजीचा आवाज बारीक झाला होता.

"आजच. बारापर्यंत उरकायचंय, नंतर ऊन फार होतं."

आजी मटकन खाली बसली.

तेव्हा कुठे एका माणसाने मला समजावलं, तेही शर्टाची कॉलर धरून. बोरिवलीला त्याच्या भावाच्या घरावर अशाच खुणा झाल्या होत्या. पंधरा दिवसांत रस्ता रुंद आणि भाऊ रस्त्यावर. त्यामुळे माझे बाण दिसताच गावकऱ्यांनी ओळखलं, रस्तारुंदीची मोजणी झाली. मग ज्याने त्याने आपल्या भिंतीवरचा बाण पुसला आणि ज्याच्याशी भांडण, त्याच्या भिंतीवर नेऊन काढला. आठवडाभर गावात हाच उद्योग चालला होता, आणि आम्ही सकाळपासून गावाची भांडणं फिरत होतो.

फक्त आजीने फुली पुसली नव्हती. सरकारी खूण पुसली तर तुरुंगात घालतील, या भीतीने. कोपऱ्यावरची ती खोली तिच्या नवऱ्याने बांधलेली. आठ दिवस तिने भांडीकुंडी पोत्यात भरून ठेवली होती. ते पोतं मी पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली.

"आजी, आम्ही सरकारी नाही हो. आम्ही नुसते सायकली चालवतो."

"कशापायी?"

"गंमत म्हणून."

हे उत्तर गर्दीला फारसं आवडलं नाही. माझ्या हातात बादली आणि घासायला नारळाचं सोडण आलं. मी आजीच्या फुलीपासून सुरुवात केली आणि मग गावातले सगळे बाण घासून काढले, मी न काढलेलेसुद्धा. तोपर्यंत बाकीचे सात जण आजीच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. आजीने पोतं सोडून त्यातलीच भांडी काढली होती.

दीड वाजता सामंतकाका उठले. "चला मार्गदर्शक, होडीचा धक्का कुठल्या बाजूला?"

मी भिंतींकडे पाहिलं. सगळ्या स्वच्छ. वही उघडली. तिच्यात लिहिलं होतं, तिसऱ्या बाणाला डावीकडे. आता तिसरा बाण कुठून आणू?

आजीने दोन क्षण माझं तोंड बघितलं आणि पदर खोचला. "चला रं, होडी निघून जाईल."

ती पुढे, आम्ही सायकली हातात धरून मागे, एकामागे एक. कोपरा आला की ती नुसता हात वर करायची, आम्ही थांबायचो. ती वाकून पलीकडे बघायची, मग चालू लागायची. शिट्टी नाही, वही नाही. बादली परत द्यायला गेल्यामुळे मी सगळ्यात शेवटी होतो.

पाच मिनिटांत धक्का आला. सामंतकाकांनी आजीला हात जोडले आणि अगदी आदबीने विचारलं, "आजी, पुढच्या रविवारी सवड आहे का?"