पेशींच्या नावाने आलेला पंखा

वरच्या मजल्यावर पेशी, तळमजल्यावर दगड आणि दोघांच्या मध्ये अडतीस पायऱ्या. संशोधन संस्थेची इमारत म्हणजे एवढंच. पेशीवाले खाली उतरत नसत, कारण खाली धूळ असे. दगडवाले वर चढत नसत, कारण वर चपला काढाव्या लागत. दोन्हीकडे पाय ठेवणारा माणूस एकच, चकतीकाका. त्यांना खरं नाव होतं, ते हजेरीपटावर लिहिलेलंही होतं, पण सत्तावीस वर्षांत कोणी वापरलंच नाही, त्यामुळे ते अजून कोरं करकरीत होतं.

हे टोपणनाव त्यांना दगडाच्या चकत्यांमुळे मिळालं. डोंगरातून आणलेला दगड करवतीवर कापायचा, त्याचा पातळ काप काचेवर चिकटवायचा आणि मग तो घासत बसायचं, इतका की दगडातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. जरा कमी घासलं तर काही दिसत नाही, जरा जास्त घासलं तर दगडच उरत नाही. गारगोटीचा दाणा सूक्ष्मदर्शकाखाली पिवळा दिसला तर अजून घासायचं, राखाडी दिसला की थांबायचं. दगडवाले सर हे यंत्राने मोजून सांगत. काका अंगठा फिरवून सांगत, आणि दोघांचं उत्तर एकच येई. सर मनाचे मोठे, ते म्हणत, "यंत्र बरोबर आहे, काकांशी जुळतंय."

असा हात असल्यावर वरच्यांची नजर न पडती तरच नवल. वर बशांमध्ये फुफ्फुसाच्या पेशी वाढवत. त्यांना दिवसाआड गुलाबी खुराक घालावा लागे, तोही थेंबाथेंबाने, बशीच्या कडेवरून, पेशींना धक्का न लावता. पेशीवाल्या मॅडमच्या हाताखालचे सगळे उच्चशिक्षित, पण खुराक घालताना एकेकाचे हात लटलट कापत. तेव्हा मॅडमनी काकांना मागून घेतलं. सकाळी दगड, दुपारी पेशी.

आता त्या पेशींचं करायचं काय, तर त्यांना आजारी पाडायचं. दगडाच्या धुळीने माणसाचं फुफ्फुस कसं बिघडतं, हा मॅडमचा विषय. त्यासाठी एका दूरच्या कंपनीकडून गारगोटीची भुकटी मागवलेली असे, अंगठ्याएवढ्या बाटलीत, वर शुद्धतेचा दाखला, आणि ती कपाटात कुलपाखाली. एकदा काकांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, ही तर आमच्याकडे केरात जाते."

"काका, ती वेगळी," मॅडम म्हणाल्या. "ही प्रमाणित आहे."

केरात जाते हे काका सवयीने म्हणाले. खरं तर ती केरात कमी आणि काकांच्या छातीत जास्त जात असे. करवतीला पाण्याची नळी होती, तिथे धूळ उडत नसे. पण सरांना तपासणीसाठी दगडाचं पीठ लागे, ते कोरडंच कुटावं लागे, आणि कुटायचं यंत्र ज्या खोलीत होतं तिला एक खिडकी होती. ती कपाटामागे होती. खोलीत हवा बाहेर फेकणारा एखादा पंखा बसवावा, असा अर्ज काकांनी अकरा वर्षांपूर्वी केला. पंखा यादीत नाही, असा शेरा आला. दुसऱ्या वर्षी पंखा यादीत होता, पण खोली यादीत नव्हती. तिसऱ्या वर्षापासून अर्ज विचाराधीन झाला. सातव्या वर्षी नाकावर माशी बसू न देणारे भांडारप्रमुख विरघळले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कर्मचाऱ्याने तोंडाला रुमाल बांधावा.' रुमाल मात्र कर्मचाऱ्याने स्वतःचा आणायचा होता. अकरा वर्षांत अकरा अर्ज, आणि प्रत्येकाची पोच काकांकडे जपून ठेवलेली. पोच देण्यात संस्थेने कधी हयगय केली नाही.

काकांचा खोकला मॅडमच्या कार्यशाळेत सगळ्यांना नीट ऐकू आला. पाहुणे आलेले, कॅमेरा लावलेला, आणि पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला काका कोपऱ्यात बसलेले. मॅडम फार सुरेख समजावत होत्या. पेशी धुळीचा कण गिळते. कण पचत नाही. पेशी फुटते, कण मोकळा होतो. मग शेजारची पेशी तो गिळते, तीही फुटते. असं चालत राहतं आणि फुटलेल्या जागी वण धरतो. वणाची जागा श्वासाला उपयोगाची राहत नाही.

काका चित्र सरकवायचं विसरून ऐकत राहिले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याविषयी इतक्या तपशिलात बोलत होतं. आणि नेमकी तेव्हाच त्यांना ढास लागली.

"काका, जरा बाहेर जाता का?" मॅडम हळूच म्हणाल्या. "रेकॉर्डिंग चालू आहे."

काका बाहेर गेले. दारामागून त्यांना टाळ्या ऐकू आल्या.

घरी काकू शिवणयंत्रावर बसलेल्या असत. काकांनी दारात पाऊल ठेवलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आज कितवी?" म्हणजे त्या अडतीस पायऱ्यांपैकी कितव्या पायरीवर थांबून दम घ्यावा लागला. पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण काका शीळ घालत सरळ वर जात. मग एक दिवस उत्तर आलं, तिसावी. मग बावीस, सतरा, चौदा. अकरा झाल्यावर काकूंनी यंत्र बंद केलं आणि नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, दिव्यापुढे धरला आणि विचारलं, "दगडाचं काम करता?"

"अर्धा दिवस," काका म्हणाले.

"धूळ आज थांबली तर हे इथंच थांबायची आशा आहे. गेलेलं परत येणार नाही. पण थांबली नाही, तर दोन-तीन वर्षांत जिन्याचं नावच काढू नका."

परतताना काकू म्हणाल्या, "नोकरी सोडा." काका म्हणाले, "पाच वर्षं उरलीत, आणि मला दुसरं येतं काय?" काकूंना फार राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून घरी पोचताच त्या शिवणयंत्रावर तुटून पडल्या.

आणि त्याच सुमारास वरच्या मजल्यावर हाहाकार उडाला. प्रयोगात अर्ध्या बशांना धूळ देत आणि अर्ध्या बशा स्वच्छ ठेवत, म्हणजे तुलना करता येते. तर या स्वच्छ बशांमधल्या पेशीही आजारी पडू लागल्या! ज्यांना धूळ दिली त्या फुटतात, ज्यांना दिली नाही त्याही फुटतात. दोन वर्षांचं काम पाण्यात जायची वेळ आली. संचालकांनी चौकशी समिती नेमली. समितीने पाणी तपासलं, खुराक तपासला, हातमोजे बदलले, एका सफाई कामगाराला दोनदा दरडावलं. दीड महिना गेला. शेवटी एका बशीच्या तळाशी काही बारीक दाणे सापडले आणि ते काय आहेत यावर समितीत तीन सभासदांची चार मतं पडली.

काका खुराकाचा ट्रे घेऊन बाजूने चालले होते. समोर सूक्ष्मदर्शक, त्याखाली दाणे आणि आजूबाजूला गोंधळलेली माणसं. काकांना राहवलं नाही. असे दाणे म्हणजे त्यांचा आयुष्यभराचा धंदा. "बघू का जरा?" म्हणत ते वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, ही तर गारगोटी! आणि हा बाजूचा गुलाबी कण दिसतोय ना? म्हणजे उत्तरेच्या खाणीतला दगड. आपलाच आहे. मंगळवारी मीच कुटला."

सगळ्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या बाहीकडे. बाहीवर मंगळवार होता, बुधवारही होता.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. चकतीकाकांना पेशींच्या खोलीत प्रवेश बंद. त्यांचा उल्लेख 'धुळीचा स्रोत' असा. पेशींसाठी दोन दारं, चिकट पायपुसणं आणि गाळलेली हवा. काकांनी आता पूर्ण वेळ तळमजल्यावर, म्हणजे त्या कुटायच्या खोलीत, काम करावं. मॅडमना वाईट वाटलं, तसं त्या म्हणाल्याही. "काका, तुमच्यावर राग नाही. पण पेशी फार नाजूक असतात हो."

काकांनी आदेशाची प्रत घरी नेली. काकूंनी ती दोनदा वाचली आणि कात्री टेबलावर आपटली.

"धुळीचा स्रोत म्हणे! स्रोत तुम्ही, की ती खोली? अकरा वर्षं तुमची छाती कोणाला दिसली नाही आणि बशीतल्या चार पेशी शिंकल्या तर समिती! त्यापेक्षा तुम्ही पेशी असतात तर बरं झालं असतं."

काका हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले. "अगं, कागद आण," ते म्हणाले.

बारावा अर्ज त्यांनी त्याच टेबलावर लिहिला. मागच्या अकरा अर्जांचा विषय होता, 'कर्मचाऱ्यास श्वास घेण्यास त्रास होत असल्याबाबत.' या वेळी त्यांनी लिहिलं, 'पेशींच्या जीवितास धोका असल्याबाबत.' तळमजल्यावरील खोलीतील धूळ जिन्याने वर जाऊन संस्थेच्या मौल्यवान पेशींचे आयुष्य धोक्यात आणू शकते, तरी पेशींच्या हितासाठी सदर खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा तातडीने बसवावा. स्वतःविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. पूर्ण अर्जात एकदाही खोकला नव्हता.

सकाळी अर्ज दिला. दुपारी भांडारप्रमुख स्वतः चालत खाली आले, त्यांना खोली सापडेना म्हणून एकाने दाखवली. तिसऱ्या दिवशी कपाट हललं, खिडकी प्रकट झाली आणि तिच्यात टोपलीएवढा पंखा बसला. उद्घाटनाला संचालक आले. त्यांनी बटण दाबलं, पंखा घरघरला, आणि अकरा वर्षं त्या खोलीत मुक्काम ठोकून असलेली धूळ मुकाट्याने बाहेर पडली. "आजपासून," संचालक भरल्या आवाजात म्हणाले, "आपल्या पेशी मोकळा श्वास घेतील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, आणि अगदी मनापासून वाजवल्या.

पेशी खरोखर सुधारल्या. मॅडमचा निबंध छापून आला. त्यात शेवटी आभार होते, संचालकांचे, भांडारप्रमुखांचे आणि त्या दूरच्या कंपनीचे. मात्र खुराक घालताना वरच्यांचे हात पुन्हा कापू लागले, तेव्हा प्रवेशबंदी गुपचूप उठली, आणि धुतलेला अंगरखा घालून काका परत पायऱ्या चढू लागले.

पंखा बसला त्या दिवशी आकडा आठ होता. आठव्या पायरीवर काका कठडा धरून उभे राहत, आणि वरून मॅडम हाक मारत, "या ना काका, पेशी ताटकळल्यात!" काका हात वर करून थांबा म्हणत. त्यांना तेवढं बोलायलाही दम पुरत नसे.

पंख्याला वर्ष झालं त्या संध्याकाळी काका घरी आले. काकू बटण लावत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आज कितवी?"

"आठवी."

"नक्की? सात नाही ना?"

"आठवीच."

काकूंच्या हातातली सुई थांबली. अडतीसच्या अडतीस पायऱ्या शीळ घालत चढणाऱ्या माणसाशी त्यांनी लग्न केलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि इतक्या आनंदाने हसल्या, की शेजारीण दारात येऊन विचारू लागली, काय झालं म्हणून.

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "आज आमचे हे आठ पायऱ्या चढले."