तिसऱ्या खांबाखालचा मुक्काम

अठ्ठावीस वर्षं पुलांच्या पोटाखाली दोरीला लोंबकळून नोकरी केलेला माणूस जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या एका नकाशाला घाबरला, हे सांगून कुणाला पटायचं नाही. पण घाबरला खरा. असा तसा नाही, चांगली पाचावर धारण बसली.

गल्लीत त्यांना सगळे टकटककाका म्हणत. सरकारी पूल तपासनीस होते ते. हातोडीने खांबावर टकटक करायचं आणि कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर काँक्रीट धड, बद्द आला तर आत पोकळ. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी बोटांची खोड गेली नव्हती. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंत वाजवून बघत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा काकांनी त्याच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली आणि मग जरा जास्तच वेळ ऐकत राहिले, असं जावई अजून चारचौघांत सांगतो.

तर नकाशा. तो लेकीने पसरला होता. लेक बस डेपोत वेळापत्रकं लावायची. लांब पल्ल्याची कुठली बस कितीला सुटणार आणि कुठे किती मिनिटं थांबणार, हे ठरवणं तिचं काम. अशा बाईच्या हातात तेवीस दिवसांची सहल पडल्यावर काय होणार? सुटी म्हणून काही उरलंच नाही. भाड्याने कॅम्परव्हॅन घ्यायची, गाडीतच शिजवायचं, गाडीतच झोपायचं, समुद्राच्या कडेकडेने वर जायचं, नदी ओलांडून घाट चढायचा, तळी बघायची आणि पलीकडून उतरून घरी यायचं. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या जावयाने दोन पेट्या औषधं आधीच काढून ठेवली होती. काकूंची एकच अट होती, आपली उशी बरोबर हवी. सात वर्षांच्या नातीने ड्रायव्हरच्या डोक्यावरची खाट जाहीर करून टाकली होती.

"दिवस आठवा," लेक वाचू लागली. "सकाळी दहा वीस, घाटाखालचा पूल. ओलांडला की लगेच डावीकडे खाली उतरायचं. नदीकाठी गवताची जागा आहे, गाड्या लावायची परवानगी आहे. तिथे दोन मुक्काम."

"कितव्या खांबापाशी?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. सहज."

लेकीने फोनवरचा फोटो पुढे केला. हिरवंगार गवत, दोन पांढऱ्या गाड्या, दोरीवर वाळणारे टॉवेल, आणि या सगळ्यावर सावली धरून उभा असलेला जाडजूड खांब, अर्धा काठावर, अर्धा पाण्यात. त्याच्या रांगेतले खांब काकांनी डावीकडून मोजले. एक. दोन. तीन. त्यांनी कप बशीत असा आदळला की काकू म्हणाल्या, "अहो, फुटेल तो!"

आता हे काय गौडबंगाल होतं, ते सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी त्या पुलाच्या पाहणीला काकाच गेले होते. खात्याचा नियम साधा होता. दोरी धरायला दुसरा माणूस नसेल तर खाली उतरायचं नाही, परत यायचं आणि नवी तारीख मागायची. त्या दिवशी दोरी धरणारा तापाने फणफणला होता. नदी चढलेली. काठावरचं गवत पाण्याखाली गेलेलं, तांबडं पाणी खांबाला धडका देत होतं. काकांनी आयुष्यात शंभर वेळा असं पाणी पाहिलं असेल, पण त्या दिवशी उतरायची हिंमत होईना. परत जावं, तर साहेब म्हणणार, घाबरलात? म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. काठावरूनच दुर्बिणीतून खांब पाहिला. पाण्यावर होता तेवढा छान दिसला.

कागदावर एक रकाना असतो, 'पायाखालची झीज, सेंटिमीटरमध्ये', म्हणजे पाण्याने खांबाच्या पायाखालची जमीन किती खाल्ली. तो रिकामा ठेवता येत नाही. त्याच्या तीन वर्षं आधीच्या पाहणीत अकरा लिहिलं होतं. काकांनी बारा लिहिलं. पुढे शेरा मारला, समाधानकारक.

अकराचं अकराच उतरवलं असतं, तर माणूस आळशी म्हणून सुटला असता. पण त्यांनी एक वाढवला. खरं वाटावं म्हणून वाढवला. तो एक सेंटिमीटर पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून राहिला. मग त्यांच्याकडे दुसऱ्या भागातले पूल आले. दर तीन वर्षांनी पाहणी होतेच, पुढच्याने खाली उतरून पाहिलंच असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. समजूत चांगली घट्ट बसली होती. नेमका तिथेच लेकीने दोन मुक्काम टाकले.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी त्या वाटेत काड्या घालायला सुरुवात केली.

"घाटात वारा फार असतो म्हणे."

"बाबा, त्या महिन्यात नसतो. मी पाहिलंय."

"तुझ्या आईचे गुडघे उंचीवर दुखतात."

"माझे?" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "माझे गुडघे कशाला मध्ये घेताय? तुमचंच काहीतरी दुखतंय!"

"नदीकाठी डास असतात," काकांनी शेवटचा बाण काढला. जावई उठला आणि पेटीतून डासांची तीन प्रकारची मलमं काढून एका ओळीत टेबलावर मांडली.

रविवारी सगळे गाडी बघायला गेले. गाडीवाल्याने दार उघडून दिलं. आत चूल, मोरी, घडीचं टेबल, गाद्या, आणि कपाटाएवढा संडास. सगळे आत आणि काका बाहेर. चारी बाजूंनी फिरून त्यांनी गाडीला टकटक केलं. खाली वाकून चाकांच्या मध्ये पाहिलं.

"काका, गाडी आहे, टरबूज नाही," गाडीवाला म्हणाला.

"वजन किती हिचं?"

"रिकामी अडीच टन. पाणी, गॅस, सामान, माणसं घातलीत की साडेतीन धरा."

काकांच्या डोक्यात साडेतीन टन खांबावर चढले. तितक्यात वरच्या खाटेवरून नातीचं डोकं बाहेर आलं. "आजोबा! इथे माझी उशी, इथे माझे पाय, आणि या खिडकीतून मला झोपल्या झोपल्या नदी दिसेल!" काका हसले. ओठ हसले, एवढंच. पायाखालचा डांबरी रस्ताही पोकळ वाटत होता, आणि त्यांना पहिल्यांदा असं झालं की वाजवून बघायचं धाडस होईना.

घरी आल्यावर काकूंनी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "अहो, खरं सांगा. त्या गाडीतल्या संडासाची भीती वाटतेय ना तुम्हाला?"

बुडत्याला काडी मिळाली. "हो," काका म्हणाले.

झालं! संध्याकाळभर घरात त्या विषयावर परिषद भरली. जावयाने टाकी कशी रिकामी करतात ते चित्र काढून समजावलं. लेकीने दर मुक्कामी पक्क्या संडासाची सोय आहे का, याचा नवा रकाना आखला. "घाटाखालच्या पुलापाशी आहे हं, बाबा," ती मायेने म्हणाली. "अगदी खांबाला लागूनच."

काकांना जेवण गेलं नाही.

सकाळी ते कुणाला ताकास तूर न लागू देता जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीत आता एक मॅडम होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा हातोडी कशी धरायची, हे त्यांना काकांनीच शिकवलं होतं.

"सर! या, बसा. कशी काय आठवण झाली?"

"घाटाखालच्या पुलाची फाइल बघायची होती. सहलीला जातोय," काका म्हणाले, आणि आपण किती मूर्खासारखं बोललो हे त्यांना लगेच कळलं. सहलीला जाणारा माणूस हवामान विचारतो, फाइल मागत नाही.

मॅडमनी फाइल काढली. काकांनी स्वतःचं पान ओळखलं. तिसरा खांब, बारा. समाधानकारक. बोट पुढे सरकवलं. सहा वर्षांपूर्वीचं पान. तिसरा खांब, बारा. समाधानकारक. तीन वर्षांपूर्वीचं. बारा. समाधानकारक.

"स्थिर आहे सर," मॅडम म्हणाल्या.

"नदी स्थिर असते का गं?"

मॅडमनी मान वर केली. काकांची जीभ आता सुटली होती. "बारा मी मोजलेलं नाही. मी उतरलोच नव्हतो. काठावरून लिहिलं."

तिसऱ्या पानाखालची सही मॅडमची होती. त्यांनी त्या सहीवर तळहात ठेवला, जणू ती झाकली जाणार होती.

"सर, त्या दिवशी बोट मिळाली नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी मागचं पान पाहिलं. त्याच्या मागचं पाहिलं, तर तुमचं अक्षर. म्हटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे झालं. तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला मी."

म्हणजे एकाने दुसऱ्याचं पाहिलं, दुसरीने दोघांचं पाहिलं, आणि नऊ वर्षं खांब कुणीच पाहिला नाही.

"तुम्ही असंच, सहज म्हणून पाणबुडा पाठवा की," काका म्हणाले. अजूनही त्यांना फट हवी होती. "माझं नाव कशाला?"

"पाणबुडा पाठवते. पण तो पोचेपर्यंत पूल चालू ठेवायचा का? आणि बंद करायचा तर कारण लागतं सर. कारण लेखी लागतं. तुमचं लागेल आणि माझंही लागेल."

चौकशी होणार. गल्लीत बोभाटा होणार. ज्या माणसाने लोकांच्या भिंती वाजवल्या, त्याचीच भिंत लोक वाजवणार. काकांच्या डोळ्यांसमोर हे सगळं एका क्षणात येऊन गेलं. त्यांनी पेन मागितलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की मॅडमना दोन ओळी मोठ्याने वाचून खात्री करून घ्यावी लागली. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मॅडमनी स्वतःचा कागद लिहिला. दोघं एकमेकांकडे न बघता लिहीत होते, परीक्षेला बसल्यासारखे.

पुढच्या दिवशी चहाच्या वेळेला लेक दारातूनच तडतडत आली. नात शाळेचं दप्तर टाकून आजीच्या मांडीवर रेलली होती. जावई दुकानातून लवकर आला होता.

"कुणा शहाण्याने घाटाखालचा पूल बंद केलाय! काल दुपारपासून! सहा बस वळवल्या मी, एकेकीला चार-चार तास उशीर. आणि आपला आठवा दिवस गेला, ते वेगळंच. कुणाच्या डोक्यातून निघालं हे, देव जाणे."

"माझ्या," काका म्हणाले.

"बाबा, चेष्टा नको. मी सकाळपासून शिव्या खातेय."

"चेष्टा नाही गं."

मग त्यांनी सांगितलं. दुर्बीण, तांबडं पाणी, अकराचं बारा. काकूंनी तोंडाला पदर लावला. जावई हातातल्या बिस्किटाकडे बघत राहिला. लेक उभी होती ती खाली बसली. तिचे ओठ हलत होते. काकांना वाटलं, आता ही ओरडणार. पण ती हिशोब करत होती. सवयच ती!

"रोज सहा बस," ती म्हणाली. "सहा जायच्या, सहा यायच्या. नऊ वर्षं. मी लावल्यात त्या, बाबा. मिनिटं मोजून लावल्यात. दहा वीसला पूल."

"मला माहीत नव्हतं तुझ्या बस..."

"कुणाच्या तरी असणारच ना!"

काकांचा फोन वाजला. मॅडमचं नाव. काकांनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. फोन टेबलावर थरथरत सरकत होता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. शेवटी लेकीने उचलला.

"हो... मुलगी बोलतेय... हो, इथेच आहेत." मग "बरं" एवढंच. तिने फोन अलगद ठेवला, जणू तोही फुटेल.

"पाणबुडा वर आला," ती म्हणाली. "पायाखाली हात घालून बघितला म्हणे त्याने. खांद्यापर्यंत गेला. तरी पलीकडची बाजू लागली नाही."

काकू म्हणाल्या, "अगं बाई." एवढंच म्हणाल्या. जावयाने नकळत उठून नातीच्या डोक्यावर हात ठेवला. नातीला काही कळलं नव्हतं, पण मोठ्यांचे चेहरे बघून तिचा चेहरा रडवेला झाला. "मग आपण जायचं नाही का?"

लेकीने वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला. तेवीस दिवस, तिच्या नीटस अक्षरात. आठव्या दिवसावर ती थांबलीच नाही. पहिल्या दिवसापासून बोट खाली सरकवत गेली आणि मध्ये मध्ये पेन्सिलने बारीक ठिपके देत गेली. खाडी. ओढा. कालवा. रेल्वेवरून जाणारा पूल. घाटातल्या दऱ्या, एकापाठोपाठ एक.

"एकेचाळीस," ती म्हणाली. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, यातले तुम्ही किती लिहिलेत?"

"सतरा असतील. पण ते पाहून लिहिलेत. उतरून. तो एकच..." काकांनी आठव्या दिवसावर बोट ठेवलं. "तो एकच गं. शपथ."

"बाकीचे चोवीस कोणी लिहिलेत?"

काका त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. ते चोवीस लिहिणारी सगळी माणसं त्यांच्या ओळखीची होती. बरोबर चहा प्यायलेली, साधी माणसं. त्यांच्यातल्या कुणाला कधी ताप आला होता, कुणाला कधी बोट मिळाली नव्हती, आणि कोण कुठल्या काठावर उभं राहून दुर्बीण लावून बसलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची काही सोयच नव्हती. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, दोनदा पुसला, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पहिल्या दिवसापासून सांग," ते लेकीला म्हणाले. "सावकाश. एकेक पूल."